गणित कुठून सुरू करू? भास्कराचार्यांच्या अभ्यासक्रमाची एक चिकित्सा



पेटची जाहिरात आली की मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रिसर्चसाठी मॅथ्स पक्कं करायचंय. कुठून सुरू करू?" आधी माझं उत्तर ठरलेलं होतं: अंकगणित आठवडाभरात उजळून घे, मग बीजगणित, मग त्रिकोणमिती, आणि उरलेला सगळा वेळ कॅल्क्युलसला दे. एकेक पायरी चढायची आणि मागची सोडून द्यायची. हे उत्तर मी आता देत नाही. का देत नाही, ते सांगायला आज एक जुना अभ्यासक्रम तपासायला घेतलाय. तो आपल्या भागातलाच आहे, आणि त्याचं कौतुक सगळे करतात पण तो उघडून फार कोणी बघत नाही.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. परंपरेने त्याचे चार भाग मानतात: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. म्हणजे बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात, मग अव्यक्त राशी, आणि शेवटी क्षणोक्षणी बदलणारी ग्रहांची गती. तुमच्या-माझ्या भाषेत अंकगणित, बीजगणित आणि कॅल्क्युलसच्या उंबरठ्यापर्यंत.

हे पुस्तकापुरतं नव्हतं, शिकवलंही जात होतं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवीचा परिसर लागतो. तिथल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाची नोंद आहे. हा मठ भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी होता आणि त्याला १२०७ च्या सुमारास दान मिळालं. चांगदेव हे सिंघण यादवांचे ज्योतिषी. सिंघणाची राजधानी देवगिरी, म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. आपण रविवारी बाईकवर जातो तिथे बसलेल्या राजाच्या दरबारात या अभ्यासक्रमाला मान होता.

आता तो तपासू. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण मी हे पुस्तक हातात घेतलं ते त्या चुकीमुळे.

दोन महिने कुठे गेले

माझं काम पातळ थरांमधल्या दोषांवर आहे. दोषांची संख्या वेळेनुसार कशी बदलते, याचं एक समीकरण मी मांडलं होतं. सोडवताना दोन्ही बाजूंना 'एन' दिसला, मी एनने भागून टाकलं. समीकरण सुटसुटीत झालं आणि आलेख छान आले. फक्त एका टोकाला आलेख आणि प्रत्यक्ष वाचनं जुळेनात. मी प्रोग्रॅम तपासला, उपकरणाचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, नमुने नव्याने बनवले. दोन महिने गेले. शेवटी सरांनी वही मागितली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं: "अगं, इथं एनने भागलंस. एन शून्य झाला तर?"

क्ष² = ५क्ष यात दोन्ही बाजूंना क्षने भागलं तर क्ष = ५ एवढंच उरतं आणि क्ष = ० हे उत्तर हरवतं. हे आठवी-नववीचं गणित आहे. मी पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झाले होते, आणि अडकले भागाकारात. म्हणून शून्याबद्दल जुनी माणसं काय म्हणतात ते वाचायला मी लीलावती उघडली. ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत आहे, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबब चालत नाही.

उदाहरण पहिलं: उत्तर १४

लीलावतीत शून्याच्या आठ क्रिया सांगितल्यावर एक उदाहरण येतं. माझ्या शब्दांत असं: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात आलेल्याचं निम्मं मिळवलं, तिपटीने वाढवलं, मग शून्याने भागलं. उत्तर ६३ आलं. संख्या कोणती?

आज शाळेत हे गणित दिलं तर गुरुजी म्हणतील, गणितच चुकीचं आहे. कोणतीही संख्या शून्याने गुणली की शून्य. त्याचं निम्मं शून्य, तिप्पट शून्य, आणि शून्य भागिले शून्य याला अर्थ नाही. पण भास्कराचार्यांचा नियम वेगळा आहे. पुढे अजून क्रिया बाकी असतील तर शून्याने केलेला गुणाकार लगेच उरकायचा नाही, 'शून्य हा गुणक' एवढं लक्षात ठेवायचं. नंतर शून्यानेच भागायची वेळ आली तर दोन्ही शून्यं सोडून द्यायची, संख्या होती तशीच राहते. मग दीडपट, त्याची तिप्पट, म्हणजे साडेचारपट बरोबर ६३. संख्या १४.

आता हेच कॅल्क्युलसच्या नजरेने बघा. शून्याच्या जागी 'ह' ही अगदी लहान संख्या घ्या. (क्ष×ह + क्ष×ह÷२) × ३ ÷ ह = ४.५क्ष. ह शून्याच्या कितीही जवळ नेला तरी उत्तर ४.५क्ष. म्हणजे लिमिट ४.५क्ष, आणि क्ष = १४. उत्तर जुळलं! आणि भास्कराचार्य स्वतः तिथे नोंदवतात की या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे. अंकगणिताच्या पायरीवर उभं राहून त्यांची नजर शेवटच्या पायरीवर आहे.

इथपर्यंत वाचून बरेच लेख थांबतात आणि 'आपल्याकडे लिमिट होतं' असं जाहीर करतात. मीही थांबले असते, पण पुढे बीजगणितात याच जातीचं दुसरं उदाहरण आहे.

उदाहरण दुसरं: उत्तर २ की ५?

एका संख्येत तिचं निम्मं मिळवलं, शून्याने गुणलं. आलेल्याचा वर्ग केला, त्यात वर्गमुळाची दुप्पट मिळवली, मग शून्याने भागलं. उत्तर १५ आलं. संख्या कोणती?

भास्कराचार्यांचं उत्तर २. रीत अशी: दीडपट संख्येला य म्हणू. शून्याचा वर्गही शून्यच, म्हणून वर्गाच्या पदातलं शून्य आणि दुप्पटीच्या पदातलं शून्य सारखंच. खालच्या शून्याशी ते सोडून दिलं की उरतं य² + २य = १५. य = ३, म्हणून संख्या २.

आता पुन्हा 'ह' घालून बघा. (य²ह² + २यह) ÷ ह = य²ह + २य. ह शून्याकडे नेला की पहिलं पद विरून जातं. उरतं २य = १५, य = ७.५, संख्या ५.

कागद-पेन घेऊन हे स्वतः करा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. पहिल्या उदाहरणात नियम आणि लिमिट यांचं उत्तर एक आलं, दुसऱ्यात वेगळं आलं. फरक कुठे पडला? ह² हा ह पेक्षा कितीतरी लवकर शून्याकडे जातो. 'शून्याचा वर्ग शून्य' म्हटलं की ही वेगाची माहिती पुसली जाते. पहिल्या उदाहरणात वर एकच घात होता आणि खालीही एकच, म्हणून ते पुसणं खपून गेलं.

भास्कराचार्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी स्वतः ठरवलेल्या नियमांत २ हे उत्तर सुसंगत आहे. त्यांनी लिमिटचा दावा केलेला नाही, तो आपण त्यांच्या तोंडी घालतो. पण अभ्यासक्रम म्हणून बघितलं तर इथे खरी उणीव दिसते: नियम खालच्या पायरीवर दिला, तिथे तो चालला, आणि तो केव्हा चालतो ही अट न सांगता वरच्या पायरीवर नेला. माझ्या एनचं हेच झालं होतं. 'दोन्ही बाजूंना समान संख्येने भागता येतं' हे मला पाठ होतं. 'ती संख्या शून्य नसेल तर' ही शेपटी शाळेतच गळून पडली होती.

सूत्र एका पुस्तकात, कारण दुसऱ्या पुस्तकात

दुसरी तक्रार रचनेबद्दल. लीलावतीत गोलाची सूत्रं आहेत: परिघ गुणिले व्यास भागिले ४ हे वर्तुळाचं क्षेत्रफळ, त्याची चौपट गोलाचं पृष्ठफळ, आणि पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६ हे घनफळ. उदाहरणाला व्यास ७ घेतलाय. पायची किंमत ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६ धरली की परिघ सुमारे २१.९९, वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.४८, पृष्ठफळ १५३.९४, घनफळ १७९.५९. सूत्रं बरोबर, उत्तरं बरोबर. पण चौपटच का, पाचपट का नाही? श्लोकात याचं उत्तर नाही.

उत्तर गोलाध्यायाच्या वासनाभाष्यात आहे. वासना म्हणजे इथे उपपत्ती, हे असं का याचं कारण. तिथे भास्कराचार्य गोलाचा परिघ ९६ भागांचा धरतात आणि गोलाच्या उभ्या ९६ चिरा कल्पितात. आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या फोडी डोळ्यांपुढे आणा. मध्यावर एक भाग रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी एक चीर. तिचे आडवे तुकडे करून, ज्यांचं कोष्टक वापरून बेरीज केली की एका चिरेचं क्षेत्रफळ व्यासाइतकं येतं. अशा ९६ चिरा, म्हणून पृष्ठफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास. घनफळासाठी पृष्ठभागावर पाया आणि केंद्रात टोक असलेल्या सुयांसारख्या सूचींची बेरीज. आज आपण याला इंटिग्रेशनची कल्पना म्हणू. तुकडे मोजकेच आहेत, 'तुकडे अनंत केले तर' हा प्रश्न उभा राहत नाही, ही त्याची मर्यादा.

मला सगळ्यात आवडतो तो याच ठिकाणचा वाद. आधीचे आचार्य लल्ल यांनी पृष्ठफळाचं सूत्र 'वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परिघ' असं दिलं होतं. व्यास ७ घेतला तर ते ८४६ च्या आसपास जातं, खऱ्याच्या साडेपाचपट. भास्कराचार्य त्यांना चेंडूवर कापड टाकून उत्तर देतात. चेंडूच्या अर्ध्या परिघाएवढा व्यास असलेलं गोल कापड घ्या. त्याने अर्धा चेंडू झाकतो आणि वर थोडं कापड उरतं. त्या कापडाचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या अडीचपटीच्या आतच आहे. मग अर्ध्या चेंडूचं पृष्ठफळ त्याहून जास्त कसं असेल? संपला वाद. आजचा विद्यार्थी तर सूत्र बघूनच म्हणू शकतो की क्षेत्रफळाला लांबीने गुणलं तर एकक घन होतं, ते पृष्ठफळ असूच शकत नाही.

ही सगळी मजा लीलावतीपुरतं शिकून थांबलेल्या मुलाला मिळत नाही. सूत्र पाठ करणाऱ्याच्या हातात लल्लांचं सूत्र दिलं काय आणि भास्करांचं दिलं काय, त्याला फरक कळणार नाही. पुढच्या टीकाकारांनाही ही उणीव जाणवली असावी. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' लिहिली, तिचं महत्त्व तिच्यातल्या उपपत्तींसाठी आहे. लीलावतीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी!

मग कॅल्क्युलस होतं की नव्हतं?

हा प्रश्न व्हॉट्सॲपवर एका ओळीत सुटतो, आपण जरा आकडे मांडू. त्या काळच्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ कला, आणि दर २२५ कलांना (म्हणजे ३ अंश ४५ कला) एक ज्या. ज्या म्हणजे त्रिज्या गुणिले साइन. ३० अंशांची ज्या १७१९. तिच्या आधीचा फरक १९९, नंतरचा १९१. मग बरोबर ३० अंशांवर ज्या किती वेगाने वाढतेय? १९९ म्हणावं की १९१?

भास्कराचार्य म्हणतात, त्या क्षणाचा फरक कोटिज्येच्या प्रमाणात घ्या. ३० अंशांची कोटिज्या सुमारे २९७७. २९७७ × २२५ ÷ ३४३८ = १९४.८. दोन्ही फरकांच्या बरोबर मध्ये! साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन, हेच ते. ग्रहाची, विशेषतः चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते म्हणून ही 'तात्कालिकी' गती हवी, हे कारणही ते देतात.

पण संशोधक म्हणून दावा करताना तीन गोष्टी बघा. एक, हा नियम मुंजालांकडे दहाव्या शतकातच दिसतो, म्हणून 'पहिले' हा शब्द जपून वापरा. दोन, हा साइनपुरता नियम आहे. कोणत्याही फलनाला लागू पडणारी रीत आणि लिमिटची व्याख्या इथे नाही, आणि ती नसल्याचा परिणाम आपण २ आणि ५ च्या उदाहरणात पाहिला. तीन, पुढे केरळात माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेढींचं मोठं काम केलं. ते वगळून थेट न्यूटनशी तुलना करणं म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूमधली मधली पानं फाडणं. 'पाचशे वर्षं आधी सगळं होतं' म्हणणारा आणि 'काहीच नव्हतं' म्हणणारा, दोघांनीही पुस्तक उघडलेलं नसतं.

आपल्या पायऱ्यांमधली फट

भास्कराचार्यांवर टीका करणं सोपं आहे, आपला अभ्यासक्रम तरी काय करतो? दहावीपर्यंत मराठी माध्यमात आपण 'करणी' शिकतो, 'अंकगणिती श्रेढी' शिकतो. हे शब्द थेट त्या परंपरेतले. मग अकरावी सायन्सला एका सुट्टीत भाषा बदलते. माझ्यासारख्या तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मुलीला अंश-छेद माहीत होते, पण न्यूमरेटर-डिनॉमिनेटर ही दुसरीच कोणी मंडळी वाटायची. लिमिट हा भागाकाराचाच प्रश्न आहे हे मला कोणी लपवून ठेवलं नव्हतं. मी जोडलंच नाही, कारण भागाकार मराठीत राहिला आणि लिमिट इंग्रजीत आलं.

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात कॅल्क्युलसवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'शून्यलब्धी'. लब्धी म्हणजे भागाकारात मिळालेलं उत्तर. मला हा शब्द पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, अकरावीत हा एक शब्द कानावर पडला असता तर लीलावतीतलं १४ आणि डेरिव्हेटिव्ह एकाच वहीत बसले असते.

तर, कुठून सुरू करायचं?

आता माझं उत्तर असं आहे. अंकगणितापासूनच सुरू करा, पण आठवडाभरात 'उरकू' नका आणि पायरी मागे सोडू नका. रोज एकच साधा नियम घ्या: अपूर्णांकांचा भागाकार, ऋण गुणिले ऋण, दोन्ही बाजूंचा वर्ग करणं, लॉग घेणं. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

१. हा नियम केव्हा चालत नाही? अट लिहा. (भागताना शून्य, वर्ग करताना आगंतुक उत्तर, लॉग घेताना ऋण संख्या.)

२. हे असं का? पुस्तक न बघता दहा ओळींत मराठीत लिहा. मराठीत लिहिता आलं नाही तर समजा की इंग्रजीतलं फक्त पाठ आहे.

३. वरच्या पायरीवर हा नियम कुठे भेटतो? भागाकार लिमिटमध्ये, बेरीज इंटिग्रेशनमध्ये, त्रैराशिक लिनिअर अप्रॉक्सिमेशनमध्ये.

पेटच्या तयारीत याला वेळ नाही असं वाटेल. बहुपर्यायी प्रश्नांना सूत्र पुरतं, ते खरं आहे. पण प्रवेश मिळाल्यावर समोर येणाऱ्या समीकरणाला चार पर्याय नसतात, आणि ते चुकलं तर मागे उत्तरसूचीही नसते. माझे दोन महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या एम.एस्सी.च्या वहीत शेवटचं मोठं डेरिव्हेशन काढा, आणि जिथे जिथे कशाने तरी भागलंय तिथे लाल पेनने लिहा: हे शून्य झालं तर? माझ्या वहीत अशा अकरा जागा निघाल्या. त्यातल्या नऊ ठीक होत्या.